युद्ध संपलं की शाळेत काय येतं?

अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात एक सरकारी कचेरी असते. केंद्र सरकारला नकोशा झालेल्या वस्तू उचलायच्या आणि राज्यातल्या शाळांना, नगरपालिकांना, अग्निशमन दलांना द्यायच्या, हे तिचं काम. तिच्याकडे येणाऱ्या मालाची यादी वाचायला बसलं की थांबवत नाही. लष्करी तळावरच्या खुर्च्या आणि लोखंडी कपाटं, जनरेटर, तंबू, लेथ मशीन, वेल्डिंगचे संच, सूक्ष्मदर्शकं, ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक. एखाद्या सरकारी शाळेचा माणूस येतो, आपल्या वर्कशॉपला चालेल असं लेथ शोधतो, हाताळणीचं आणि वाहतुकीचं शुल्क भरतो आणि यंत्र घेऊन जातो. यंत्राची म्हणून वेगळी किंमत द्यावी लागत नाही.

वस्तू तिथवर पोचते कशी, हेही बघण्यासारखं आहे. एखाद्या केंद्रीय खात्यानं 'आम्हाला हे नको' असं जाहीर केलं की आधी बाकीच्या केंद्रीय खात्यांना विचारलं जातं. जीएसए नावाचं एक खातं सरकारची खरेदी, इमारती आणि वाहनं सांभाळतं. त्याच्या संगणक-यादीवर ती वस्तू साधारण २१ दिवस राहते. केंद्रात तिचा कुणी वाली निघाला नाही, तर राज्यांचा नंबर लागतो आणि राज्यांमार्फत शाळांचा. शाळांनाही नको असेल तरच लिलाव. लिलावातही गेली नाही, तर भंगार. म्हणजे पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या आधी, भंगारवाल्याच्या तर कितीतरी आधी, शाळेला निवडायला मिळतं. हा क्रम कुणीतरी विचारपूर्वक कायद्यात लिहून ठेवला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फुकट मिळालं म्हणून कोपऱ्यात टाकून ठेवता येत नाही, हे आणखी चांगलं. वस्तू वर्षभरात वापरात आणावी लागते आणि पुढे ठरावीक मुदतभर वापरावी लागते. मोटारी आणि मूळ किंमत पाच हजार डॉलरच्या वर असलेली यंत्रं यांच्यासाठी ही मुदत किमान दीड वर्षाची. राज्याचा माणूस येऊन तपासतोही.

या सगळ्याचं मूळ ३ ऑक्टोबर १९४४ च्या एका कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून जेमतेम चार महिने झाले होते. युद्ध जिंकायचं बाकी होतं, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं याच्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट सही करत होते. उरणार होतं तेही अफाट होतं: ट्रक, जीप, विमानं, रेडिओ संच, पत्र्याच्या झोपड्या, अख्खी इस्पितळं. पुढे या मालाचे भाव असे कोसळले की युरोपवर २५ मोहिमा करून आलेलं 'मेम्फिस बेल' हे प्रसिद्ध बॉम्बफेकी विमान मेम्फिस शहरानं ३५० डॉलरला घेतलं. सैन्याच्या अर्धगोल पत्र्याच्या क्वॉन्सेट झोपड्या कॉलेजांच्या आवारात उभ्या राहिल्या, कारण रणांगणावरून परतलेले तरुण सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला एकदम लोटले आणि त्यांना बसवायला खोल्या नव्हत्या. कालपर्यंत सैनिक ज्या छपराखाली झोपत होता, त्याच छपराखाली आता तो गणित शिकत होता.

पण त्या शिल्लक मालातून उगवलेली सगळ्यात आश्चर्याची गोष्ट वेगळीच आहे. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचा अब्जावधी डॉलरचा माल परदेशांत पडून होता. तो परत नेण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. विकावा, तर युद्धानं पिळून निघालेल्या देशांकडे डॉलर नाहीत. त्यांची स्वतःची चलनं होती, पण ती अमेरिकेला घरी नेऊन उपयोगाची नव्हती. आर्कान्सा राज्यातून नुकतेच सिनेटवर निवडून आलेले जे. विल्यम फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये यावर तोडगा सुचवला. माल त्या त्या देशाच्या पैशात विका, तो पैसा तिथेच ठेवा आणि त्यातून विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची देवाणघेवाण करा. जुन्या मालाच्या विल्हेवाटीच्या कायद्याला जोडलेली एक रुक्ष दुरुस्ती, म्हणून तिच्याकडे फारसं कुणाचं लक्षही गेलं नाही. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली आणि फुलब्राइट शिष्यवृत्ती सुरू झाली. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी त्यावर सह्या केल्या. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून आजवर जे कुणी 'फुलब्राइट' म्हणून जाऊन आले, त्यांच्या शिष्यवृत्तीचं कूळ असं जीपच्या आणि ट्रकच्या विक्रीत सापडतं.

त्या काळातले मराठी वाचक हा माल ओळखत होते. 'डिस्पोजलचा माल' म्हणत त्याला. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलची जीप. गोदामं रिकामी करून लष्कर निघून गेलं आणि त्याच्या वस्तू नागरी आयुष्यात शिरल्या. अमेरिकेनं वेगळं केलं ते एवढंच, की त्या प्रवाहात शाळेसाठी कायद्यानं एक वाट काढून ठेवली आणि पुढे ती बुजू दिली नाही. १९४९ च्या कायद्यानं जीएसए खातं आणि देणगीची पद्धत पक्की झाली. १९७६ मध्ये राज्यांच्या कचेऱ्यांकडे वाटपाचं काम आजच्या स्वरूपात आलं. १७ एप्रिल १९९६ रोजी क्लिंटन यांनी आदेश काढला, की केंद्रीय खात्यांनी वापरून झालेले संगणक शक्य तिथे थेट शाळांना द्यावेत. संगणक निघण्याआधी त्यातली सरकारी माहिती पुसायची, एवढी खात्याची जबाबदारी.

आणि मग २०१० मध्ये याच वाटेनं अंतराळयानाचे तुकडे शाळेत आले. स्पेस शटलची उड्डाणं संपत आली होती आणि नासाकडे यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्स हजारोंनी शिल्लक होत्या. जीएसएच्याच यादीतून त्या शाळा-कॉलेजांना देऊ केल्या गेल्या. शाळेनं द्यायचे ते पाठवणीचे वीस-पंचवीस डॉलर.

ही टाइल नेमकी काय आहे, हे इथे सांगायलाच हवं. ती सिलिकाच्या तंतूंची असते, म्हणजे मुळात वाळूचीच सख्खी बहीण. तिच्या आकारमानातला सुमारे ९४ टक्के भाग नुसती हवा. हातात घेतली की वजन जाणवत नाही. यान पृथ्वीच्या वातावरणात परत शिरताना पोटाकडचं तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि तिथून काही सेंटिमीटरवर ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, जो त्याच्या साधारण निम्म्या तापमानालाच वितळून गेला असता. मधे फक्त ही टाइल. तिच्यातून उष्णता इतकी सावकाश वाहते, की भट्टीतून लाल तापलेला चौकोनी तुकडा बाहेर काढला, तर काही सेकंदांत त्याचे कोपरे उघड्या बोटांनी धरता येतात, आत तो अजून धगधगत असताना. एका यानावर अशा सुमारे २४ हजार टाइल्स, प्रत्येकीचा आकार ठरलेला आणि प्रत्येकीवर तिचा स्वतःचा क्रमांक. असा क्रमांक असलेला तुकडा सातवीच्या वर्गात बाकावर ठेवलेला असेल, तर उष्णतावहनाचा धडा शिकवायला आणखी काय लागतं? सरकारी शिल्लक मालाचा याहून सुंदर उपयोग मला माहीत नाही.

आता याच व्यवस्थेची दुसरी वाट. तिच्यावरून गेलेल्या वस्तूंनी अमेरिकेला हादरवलं.

त्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ सहसा लोक निवडून देतात, तिला स्वतःचं अंदाजपत्रक असतं, आणि मोठ्या शहरांतल्या कित्येक डिस्ट्रिक्टांना स्वतःचं पोलीसदलही असतं. गणवेश, पिस्तूल, गस्तीच्या गाड्या, सगळं असलेलं दल, फक्त शाळांसाठी. त्यामुळे कायद्याच्या नजरेत शाळेचे दोन चेहरे होतात. शिक्षणसंस्था म्हणून तिला लेथ मिळू शकतं, आणि पोलीसदल म्हणून तिला पोलिसांसाठी राखलेलं सगळं मागता येतं.

पोलिसांसाठीची योजना '१०३३' या आकड्यानं ओळखली जाते. सप्टेंबर १९९६ मध्ये संमत झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातलं ते कलम आहे. सैन्याला नको असलेलं साहित्य पोलिसांना द्यावं, अमली पदार्थ आणि दहशतवाद यांच्याविरुद्धच्या कामाला आधी, असं त्यात म्हटलं होतं. आजवर आठ हजारांच्या आसपास पोलीसदलांनी तिच्यात भाग घेतला आणि सात अब्ज डॉलरहून अधिक किमतीचं साहित्य हललं. ही किंमत मूळ खरेदीची असते. वीस वर्षं वापरलेली खुर्चीही कागदावर नवीन खुर्चीच्या भावानं मोजली जाते, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावं. बहुतेक माल साधाच असतो: ब्लँकेट, बूट, प्रथमोपचाराच्या पेट्या, संगणक, ऑफिसचं फर्निचर. शस्त्रं आणि चिलखती गाड्या त्यात थोड्या. प्रत्येक वस्तूला एक अक्षर चिकटवलेलं असतं. 'ए' म्हणजे निर्धोक, ती वर्षभरानं पोलिसांच्या मालकीची होते. रायफल किंवा चिलखती गाडी मात्र कायम संरक्षण खात्याच्याच मालकीची राहते. पोलीस ती वापरतात, आणि नको झाली तर परत करावी लागते.

हा कारभार पाहणारं लष्करी खातं मिशिगन राज्यात बॅटल क्रीक इथे आहे, आणि त्याच्या इमारतीची कथा मला या विषयात सगळ्यात जास्त आवडली. एकेकाळी ते डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं आरोग्यधाम होतं, म्हणजे जगाला कॉर्नफ्लेक्स ज्या गावानं दिले त्या गावातलं ते प्रसिद्ध सॅनिटोरियम. १९४२ मध्ये सैन्यानं ते विकत घेऊन जखमी जवानांचं इस्पितळ केलं. तिथे बरे होत असलेले तीन तरुण पुढे सिनेटर झाले: फिलिप हार्ट, बॉब डोल आणि डॅनियल इनोये. आज इमारतीला त्या तिघांचं नाव आहे. वापरून झालेल्या वस्तूंचा नवा धनी शोधणारी कचेरी स्वतःच तिसऱ्यांदा वापरात आलेल्या वास्तूत बसते.

२०११ च्या शेवटी अमेरिकेचं सैन्य इराकमधून परतलं आणि एक नवीच वस्तू शिल्लक पडायला लागली. एमरॅप. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांनी सैनिक मरत होते म्हणून २००७ पासून या गाड्या घाईघाईनं बनवल्या गेल्या, पाच-सहा वर्षांत २७ हजारांच्या आसपास. तिचं सगळं मर्म तळाच्या आकारात आहे. साध्या जीपचा तळ सपाट असतो. खाली स्फोट झाला की सगळा धक्का सरळ वर येतो. एमरॅपचा तळ होडीसारखा उतरता, त्यामुळे धक्का दोन बाजूंना फाकतो आणि आतली माणसं वाचतात. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातल्या १९७० च्या दशकातल्या सुरुंगी लढायांत ही युक्ती तयार झाली. भारतीय सैन्यानंही दक्षिण आफ्रिकेच्या 'कॅस्पिर' गाड्या घेतल्या आहेत. हजारो सैनिकांचे प्राण ज्यांनी वाचवले, त्या अभियंत्यांच्या कामापुढे मान झुकते.

पण एप्रिल २०१४ मध्ये अशी एक गाडी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या पोलिसांकडे आली. मूळ किंमत सुमारे सात लाख तेहेतीस हजार डॉलर. डिस्ट्रिक्टला खर्च आला तो वाहतुकीचा, पाचेक हजार डॉलरचा. शाळेच्या पोलिसांचा हेतू वाईट नव्हता. गाडी पांढरी रंगवायची, तिच्यावर लाल क्रॉस काढायचा, आत औषधं आणि लहान मुलांसाठी टेडी बेअर ठेवायचे, भूकंप-वणवा-गोळीबार यांत मुलांना बाहेर काढायला वापरायची. त्याच ऑगस्टमध्ये मिझुरीतल्या फर्ग्युसन गावात एका कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी गोळी घातली आणि निदर्शकांसमोर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. ती दृश्यं घराघरांत दिसली. लोक शोधायला लागले, की आपल्या गावच्या पोलिसांकडे काय काय आहे. तेव्हा कळलं, की वीसहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्टांनी लष्करी साहित्य घेतलं आहे. लॉस एंजेलिसच्या शाळा-पोलिसांकडे तर ६१ एम-१६ रायफली, एक एमरॅप आणि ग्रेनेड फेकणारी तीन शस्त्रं होती. शाळेच्या पोलिसांकडे ग्रेनेड फेकायची शस्त्रं. सॅन दिएगोनं गाडी परत करायचं ठरवलं. लॉस एंजेलिसनं ग्रेनेडची शस्त्रं आधी दिली, मग एमरॅप, आणि २०१६ पर्यंत विद्यार्थ्यांनी लावून धरल्यावर रायफलीही.

२०१५ मध्ये ओबामा प्रशासनानं नियम केला, की फक्त शाळांसाठी असलेल्या पोलीसदलांना असं नियंत्रित साहित्य द्यायचं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ते निर्बंध उठवले. मे २०२२ मध्ये बायडेन यांनी पुन्हा काही घातले. २०२५ मध्ये पुन्हा उलटे आदेश निघाले. मधल्या काळात, २०१७ मध्ये, सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेनं एक प्रयोग केला. कागदावर एक खोटं केंद्रीय पोलीसदल उभं केलं आणि साहित्य मागितलं. रात्री दिसणारे चष्मे, सरावाच्या रायफली, सरावाचे बॉम्ब अशा शंभराहून जास्त वस्तू, मूळ किंमत बारा लाख डॉलर, मिळाल्यासुद्धा. दारावर 'तुम्ही कोण' हेच नीट विचारलं गेलं नव्हतं.

हे सारं वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. शाळेला काय मिळेल हे शाळेच्या गरजेवर ठरत नाही. नुकतंच कोणतं युद्ध संपलं, त्यावर ठरतं. १९४५ मध्ये संपलेल्या युद्धानं लेथ, ट्रक आणि छपरं मागे ठेवली, कारण ते कारखान्यांचं युद्ध होतं. शीतयुद्धाच्या चढाओढीनं अंतराळयानाची टाइल ठेवली. इराकनं एमरॅप ठेवली. आणि फुकट मिळणारी वस्तू नाकारायला फार धीर लागतो. मागणीपत्र भरणाऱ्यानं 'मिळतंय तर घेऊन ठेवू' असं म्हटलं की नंतर तिच्यासाठी कारण शोधलं जातं. टेडी बेअर हे तसं शोधलेलं कारण होतं, असं माझं मत आहे. मुलांचं रक्षण करण्याची तळमळ खरी, पण ती साधनानं पुरी होत नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासच्या युवाल्डी गावातल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी तिथे एकूण ३७६ पोलीस पोचले होते, आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. त्या दिवशी कमतरता साहित्याची नव्हती.

आपल्याकडे ही वाट उलट्या टोकाला अडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत काम केलेल्या प्रत्येकाला जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, माहीत असते. मोडलेल्या खुर्चीचंही निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ती रीतसर बाद ठरेपर्यंत, ती नोंदवहीत राहते आणि वर्गाच्या कोपऱ्यातही. सरकारी गाड्यांचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे चालत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रात जाते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या काही खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. धूर ओकणारी जुनी जीप रस्त्यावरून हटवणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्त्यावर निरुपयोगी झालेली गाडी शिकायला निरुपयोगी होत नाही. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला बसलेल्या मुलाला कापून उघडं केलेलं इंजिन दाखवलं, की पिस्टन वर जातो तेव्हा झडप कुठे असते हे त्याला एका नजरेत कळतं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेकचे ड्रम, हे सगळं त्या भंगारात असतं.

आपण अमेरिकेकडून तो २१ दिवसांचा थांबा तेवढा घ्यावा. जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी खात्याची गाडी भंगारात निघाली, की तिची नोंद यादीवर यावी आणि तालुक्यातल्या आयटीआयला, तंत्रनिकेतनाला, हायस्कूलला ती बघायला मिळावी. मागण्याआधी त्यांनी एका ओळीत लिहावं, की कोणत्या वर्गाला आणि कोणत्या धड्यासाठी हवी. डिझेलची टाकी आणि बॅटरी काढून घ्यावी, नंबरप्लेट आणि चासी क्रमांकाचा तुकडा आरटीओत जमा करावा, सांगाडा भंगार केंद्राकडे जाऊ द्यावा. इंजिन वर्कशॉपमध्ये उतरवून घ्यायला एक चेनपुली पुरते.